रिकाम्या कपातला चहा

"पाहुणे, चहा घ्या. गरम आहे हं!" अडीच-तीन वर्षांचं पोर रिकामा कप पुढे करतं. आपण फुंकर मारतो, भुरका घेतो, "वा!" म्हणतो. इथवर सगळं झकास. मग राहवत नाही आणि आपण विचारतो, "हा कप कोणत्या रंगाचा, सांग बघू?" झालं! पाहुणा उठून गेला आणि त्याच्या जागी मास्तर येऊन बसला.

भातुकली लुटुपुटूची असली तरी त्यातली डोक्याची मेहनत लुटुपुटूची नसते. वर्ष-दीड वर्षाचं मूल रिकामा कप आधी स्वतःच्याच तोंडाला लावतं. दोनच्या आसपास तो बाहुलीच्या तोंडाला लागतो. या वयात कप कपासारखाच दिसावा लागतो. तिशीतल्या नव्हे, तीन वर्षांच्या गृहिणीला मात्र ठोकळाही कप म्हणून चालतो. चौथ्या वर्षी तर स्वयंपाक कमी आणि वाटाघाटी फार. "मी आई, तू बाळ. बाळ रडतं हां, पण खोटं-खोटं."

त्या "हां"मध्ये अख्खा करार असतो. लेव्ह व्हायगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने १९३३ साली खेळावर दिलेल्या व्याख्यानात पाच आणि सात वर्षांच्या दोन सख्ख्या बहिणींचं उदाहरण आहे. त्या म्हणतात, "चल, बहिणी-बहिणी खेळू." एरवी बहीण असण्याकडे लक्षही जात नाही, खेळात मात्र बहिणीसारखं वागण्याचा नियम पाळावा लागतो. आपल्याकडच्या भातुकलीतलं बाळ तेच करतं. पळावंसं वाटत असतं, पण बाळ झोपलेलं आहे, म्हणून डोळे घट्ट मिटून पडून राहतं. एरवी "गप बस" शंभरदा सांगून बघा.

पण म्हणून भातुकली खेळली की मूल हुशार होतंच, असं छातीठोकपणे सांगू नये. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अँजेलिन लिलार्ड आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली अशा खेळावरचे जुने अभ्यास तपासले, तेव्हा बरेचसे पुरावे कच्चे निघाले. खेळण्याच्या खोक्यावर छापलेल्या 'बुद्धिविकासा'साठी जादा पैसे मोजण्याचं कारण नाही.

सामान थोडंच लागतं. दोघा-तिघांत दोन पातेली, दोन पळ्या, चार वाट्या, चार कप, एक बाहुली, दोन-तीन रिकामे डबे आणि जुन्या साडीचा मीटरभर तुकडा. पळी एकच ठेवली तर खेळ पळीवरच संपतो. सगळा संच एकदम ओतला तर मुलं भांडी नुसती उपसत बसतात. बॅटरीवर घरघरणारा मिक्सर जन्मभर मिक्सरच राहतो; लाकडी ठोकळा आज मिक्सर, उद्या इस्त्री. चार-पाच वर्षांखालच्यांच्या हाती चिंचोके, हरभरे, शेंगदाणे देऊ नयेत. नाकात जातात, घशात अडकतात. कापडाच्या मोठ्या गोळ्यांचे लाडू करावेत. साडीचा तुकडा गळ्याभोवती गुंडाळला जात नाही ना, यावरही डोळा हवा.

वेळ मात्र सढळ हाताने द्यावा, निदान पाऊण तास. पहिली दहा-पंधरा मिनिटं चूल कुठे, दार कुठे आणि कुत्रा कोण, यातच जातात. (कुत्रा व्हायला कुणी तयार नसतं, नाहीतर तिघेही तयार असतात.) विसाव्या मिनिटाला "चला, आवरा" म्हटलं, तर तेव्हा कुठे भात चुलीवर चढलेला असतो.

मोठ्यांनी बोलावल्याशिवाय जाऊ नये. खेळ अडलाच असेल तर दार वाजवावं, "ताई, गॅस संपला वाटतं" एवढंच म्हणावं आणि गप्प बसावं. पुढचं ती बघते. तिने चहात मीठ घातलं तर दुरुस्ती सुचवू नये. तोंड वाकडं करावं, ठसका लागू द्यावा. मोबाईल काढून चित्रण सुरू केलं की ती कॅमेऱ्यासाठी वागू लागते आणि चहा राहतो बाजूला.

खेळ किती मुरलाय हे बघायचं असेल, तर तो रिकामा कप जमिनीवर हलकेच पालथा करावा आणि "अरेरे, सांडला!" म्हणावं. ती एकदा तुमच्याकडे बघेल, एकदा कोरड्या फरशीकडे. मग फडकं घेऊन येईल आणि बरोबर तिथेच पुसेल, जिथे चहा सांडलाय.