झ्युरिक ते झ्युरिक, तिरानोमार्गे: जोडगाड्यांचा आराखडा आखताना

युरोपातील रेल्वेप्रवास आखायला बसलेले आपल्याकडचे बहुतेक लोक सर्वप्रथम विचारतात ते गाडी बदलायला किती मिनिटे मिळतात हे. सात मिनिटे असा आकडा दिसला की छातीत धस्स होते आणि चाळीस मिनिटांची, सुरक्षित वाटणारी जोडगाडी शोधायला सुरुवात होते. आई-बाबांना घेऊन स्वित्झर्लंड आणि उत्तर इटलीचा दौरा आखताना मी मात्र दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात केली. ही गाडी चुकलीच, तर पुढची किती वेळाने आहे? पुढची गाडी तासाभरात असेल, तर सात मिनिटांची जोडणीही निर्धास्तपणे घेता येते. पुढची गाडी तीन तासांनी किंवा थेट उद्या सकाळी असेल, तर चाळीस मिनिटेही अपुरी समजावीत. माझा सगळा आराखडा या एका विचारावर उभा आहे आणि मुक्कामाची ठिकाणेही त्यातूनच ठरत गेली.

आमचा मार्ग वर्तुळाकार आहे. झ्युरिकहून कूर, तेथून आल्बुला आणि बेर्निना या दोन डोंगरी मार्गांनी आल्प्स ओलांडून इटलीतील तिरानो, मग कोमो सरोवराच्या काठावरचे वारेन्ना, मिलान, आणि परतीला बेलिन्झोनामार्गे गोटहार्डचा जुना घाट उतरून पुन्हा झ्युरिक. विमान एकाच शहरातून येण्याजाण्याचे असल्यामुळे तिकीट सोपे होते, आणि आल्प्स जाताना एका बाजूने व येताना दुसऱ्या बाजूने ओलांडता येतात.

स्विस वेळापत्रकाची रचना आधी समजून घेतली पाहिजे, कारण ती समजली की भीती निम्म्याने कमी होते. २३ मे १९८२ पासून तेथे ठरावीक ठेक्याचे वेळापत्रक देशभर लागू झाले: एखाद्या स्थानकावरून गाडी दहा वाजून सात मिनिटांनी सुटत असेल, तर अकरा सात, बारा सात अशी ती दिवसभर सुटत राहते. मोठ्या जंक्शनांवर चारही दिशांच्या गाड्या पूर्ण तासाच्या किंवा अर्ध्या तासाच्या थोड्या आधी येऊन पोहोचतात, प्रवासी फलाट बदलतात आणि थोड्याच मिनिटांनी सर्व गाड्या आपापल्या दिशेने निघतात. डिसेंबर २००४ मध्ये बर्न आणि झ्युरिक यांच्यामधला प्रवास एका तासाच्या आत आणला गेला, तोही केवळ वेग वाढवायचा म्हणून नव्हे, तर दोन्ही जंक्शनांवरचा हा मेळ जुळावा म्हणून. त्यामुळे तेथील सहा-सात मिनिटांची जोडणी ही योगायोगाने उरलेली फट नसून जाणीवपूर्वक राखलेली वेळ असते. रेल्वेच्या या विचारपद्धतीबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. युरोपातील वेळापत्रके दरवर्षी डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवार-रविवारच्या मध्यरात्री बदलतात. उन्हाळ्याच्या प्रवासाचा आराखडा आदल्या ऑक्टोबरात केला, तर त्यातील मिनिटे तात्पुरती समजावीत. मार्ग आणि गाड्यांचा ठेका बहुधा तोच राहतो.

झ्युरिकहून कूरला पोहोचायला सुमारे सव्वा तास लागतो. या गाडीत डावीकडे बसावे, कारण आधी झ्युरिकचे सरोवर आणि मग वालेनसे हे कड्यांच्या पायथ्याशी पसरलेले सरोवर, दोन्ही त्याच बाजूला येतात. कूरला रुंद रूळ मागे राहतात आणि रेशियन रेल्वे या स्विस डोंगरी रेल्वेची मीटरगेज लाल गाडी सुरू होते. येथे बहुतेक प्रवासी कंपन्या बेर्निना एक्स्प्रेसची पारदर्शक छताची जागा आरक्षित करून देतात आणि सुमारे चार तासांत थेट तिरानोला नेतात. मी ती गाडी घेतलेली नाही. त्या गाडीला आरक्षण सक्तीचे असून त्याचे पैसे स्विस पास (ठरावीक दिवसांचा रेल्वे-पास) असणाऱ्यांनाही वेगळे भरावे लागतात. शिवाय तिच्या मोठ्या काचा उघडत नाहीत आणि छायाचित्रात डब्यातलेच प्रतिबिंब येते. त्याच रुळांवरून दर तासाला साध्या गाड्या धावतात, त्यांना आरक्षण लागत नाही, काही डब्यांच्या खिडक्या उघडतात, आणि मुख्य म्हणजे मनात येईल त्या स्थानकावर उतरून तासाभराने पुढे जाता येते. स्वित्झर्लंडमधील साधे तिकीट त्या दिवसापुरते मार्गावरील कोणत्याही गाडीला चालते आणि मध्ये उतरण्याची मुभा देते. सवलतीचे स्वस्त तिकीट मात्र ठरलेल्या गाडीलाच बांधलेले असते. ज्यांना वाटेत थांबायचे आहे, त्यांनी ती सवलत घेऊ नये.

कूरहून निघताना उजवीकडे बसावे असे सांगतात, ते लांडवासर पुलासाठी. फिलिसूर येण्याच्या थोडे आधी हा पूल लागतो: सहा कमानी, ६५ मीटर उंची, १३६ मीटर लांबी आणि अवघ्या १०० मीटर त्रिज्येचे वळण. पुलाचे दुसरे टोक उभ्या कड्यातील बोगद्यात शिरते. १९०१-०२ मध्ये बांधलेला हा पूल जगभरच्या दिनदर्शिकांवर असतो, पण मला स्वतःला त्यापुढचा बेर्ग्यून ते प्रेडा हा टप्पा अधिक थोर वाटतो. या दोन गावांमधील सरळ अंतर पाच-सहा किलोमीटरच आहे, पण चारशेहून अधिक मीटरची चढण चढण्यासाठी रूळ पुलांवरून आणि डोंगराच्या पोटातील गोल बोगद्यांतून वळसे घेत बारा किलोमीटरांहून लांब होतात. गाडीत बसलेल्याला हे सारे नीट उमगत नाही. दरी एकदा डावीकडे दिसते, एकदा उजवीकडे, आणि दिशेचे भान सुटते. म्हणून आम्ही प्रेडाला उतरून रुळांच्या सोबतीने खाली येणाऱ्या पायवाटेने बेर्ग्यूनकडे चालणार आहोत, आणि आईचे गुडघे लक्षात घेता ती व बाबा थेट बेर्ग्यूनलाच उतरून स्थानकाशेजारचे रेल्वेसंग्रहालय पाहतील. गाड्या तासातासाला असल्यामुळे असे दोन गट करूनही पुन्हा एकत्र येणे सोपे जाते.

त्या रात्रीचा मुक्काम पाँट्रेसिनाला आहे. एकाच दिवसात तिरानोपर्यंत जाणे शक्य असूनही मी मध्ये रात्र घेतली, कारण बेर्निना मार्ग सकाळच्या उजेडात पाहावा अशी माझी इच्छा आहे आणि दुपारी डोंगरावर ढग चढण्याची शक्यता अधिक असते. हा मार्ग १९०८ ते १९१० या काळात टप्प्याटप्प्याने सुरू झाला. सेंट मोरित्झपासून तिरानोपर्यंत सुमारे ६१ किलोमीटर, मध्ये ओस्पित्सिओ बेर्निना हे २,२५३ मीटर उंचीवरचे स्थानक आणि शेवटी ४२९ मीटरवरचे तिरानो. दातेरी रुळाची कोणतीही मदत न घेता गाडी चौदास एक (म्हणजे चौदा मीटर अंतरात एक मीटर) इतका तीव्र उतार उतरते. आपल्या नेरळ-माथेरानच्या गाडीचा चढ वीसास एक आहे आणि बोरघाटाचा सदतीसास एक. हे आकडे शेजारी ठेवले की त्या अभियंत्यांनी काय धाडस केले ते कळते. आल्बुला आणि बेर्निना हे दोन्ही मार्ग २००८ साली युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले, आणि त्याच वर्षी आपली कालका-सिमला रेल्वेही भारतीय पर्वतीय रेल्वेंच्या यादीत जोडली गेली, याचा बाबांना विशेष आनंद आहे.

बेर्निनाच्या गाडीतही उजवीकडची खिडकी धरावी. मोर्तेराच हिमनदीचा देखावा, पाणलोटाच्या माथ्यावरचे दुधाळ पाण्याचे लागो बियांको सरोवर आणि ब्रुसिओचा नऊ कमानींचा गोलाकार पूल, सारे मुख्यतः त्याच बाजूला आहे. लागो बियांकोचे पाणी एड्रियाटिक समुद्राला मिळते, तर त्याच्या शेजारच्या लहान तळ्याचे पाणी इन आणि डॅन्यूब नद्यांतून काळ्या समुद्राला जाते. थांबायचे असेल तर आल्प ग्र्यूमला थांबावे. २,०९१ मीटर उंचीवरच्या या स्थानकाला मोटाररस्ता नाही, समोर पालू हिमनदी आहे आणि खाली पोस्कियावोची हिरवी दरी, जिच्यात आपली गाडी पुढच्या तासाभरात उतरणार असते. येथे एक गाडी सोडून पुढची घेणे हा या प्रवासातील सर्वांत चांगला तास ठरेल, असे मला वाटते. शेवटी तिरानो गावात शिरताना ही गाडी मादोन्नाच्या मोठ्या चर्चसमोरचा चौक मोटारींच्या बरोबरीने ओलांडते.

तिरानो हा आराखड्यातील खरा सांधा आहे. स्विस आणि इटालियन स्थानके एकाच चौकात, एकमेकांना लागून आहेत, त्यामुळे गाडी बदलायला पाच मिनिटेही पुरतात. परंतु मिलानकडे जाणारी गाडी स्विस ठेक्याने चालत नाही आणि दिवसाच्या काही भागांत दोन गाड्यांमध्ये दोन तासांचे अंतर असते. जेथे जोडणी कच्ची असते, तेथेच थांबा ठेवावा, हे मी या आराखड्यात कटाक्षाने पाळले आहे. म्हणून तिरानोला घाईने गाडी पकडण्याऐवजी दुपारचे जेवण ठेवले. त्या खोऱ्यातील पित्सोक्केरी हा पदार्थ कुट्टूच्या पिठाच्या पट्ट्या, बटाटा, कोबी, लोणी आणि चीज यांचा असतो, आणि शाकाहारी माणसाला पोटभर होतो. आपल्यातील ज्यांना प्राणिज रेनेट (चीजसाठी दूध गोठवण्याचा, वासराच्या जठरातून काढलेला पदार्थ) चालत नाही, त्यांनी चीजबद्दल विचारून घ्यावे.

तिरानोपासून नियम बदलतात. स्विस पास रेशियन रेल्वेने तिरानोपर्यंत चालतो, पुढे नाही. कागदी इटालियन तिकीट गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यावे लागते, नाहीतर तिकीट असूनही दंड होऊ शकतो. संप हीसुद्धा तेथील नेहमीची बाब आहे. तो आधी जाहीर होतो आणि कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ व संध्याकाळी सहा ते नऊ या वेळांत प्रादेशिक गाड्यांची किमान सेवा हमखास ठेवली जाते. तेव्हा संपाच्या दिवशी प्रवास या वेळांत सरकवता येतो. उन्हाळ्यात रुळांच्या कामासाठी काही भाग बंद ठेवून बस सोडण्याची पद्धतही आहे, म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी प्रत्येक टप्पा पुन्हा तपासायचा असे ठरवले आहे.

वारेन्नाला दोन रात्री. मिलानकडे जाताना सरोवर उजवीकडे येते. येथून बोटीने पाव तासाच्या आसपास बेलाज्जो गाठता येते. चढउताराच्या दगडी गल्ल्यांमुळे प्रत्येकाने स्वतः उचलू शकेल एवढीच बॅग घ्यायची, असा दंडक मी घातला आहे, कारण या मार्गावर कोठेही हमालावर विसंबता येत नाही.

मिलानहून उत्तरेकडे जाताना आरक्षणाच्या जलद गाड्या गोटहार्डच्या तळाशी असलेल्या ५७ किलोमीटरच्या, २०१६ साली उघडलेल्या बोगद्यातून जातात. वेळ वाचतो, पण डोंगर दिसतच नाही. आम्ही बेलिन्झोनाला उतरून तेथील तीन किल्ल्यांसाठी एक रात्र थांबणार आहोत आणि दुसऱ्या दिवशी १८८२ च्या जुन्या मार्गावरची गाडी घेणार आहोत, जी आयरोलोहून १५ किलोमीटरच्या बोगद्याने ग्योशेनेनला निघते. त्यापुढे वासेन गावचे पांढरे चर्च तीनदा दिसते: आधी खाली, मग समोर, आणि शेवटी डोक्यावर, कारण रूळ तेवढे वळसे घेत खाली उतरतात. ही गाडीही तासाला एक आहे.

तिकिटांबाबत एकच गोष्ट विस्ताराने सांगतो. युरोपीय संघाच्या नियमांनुसार साठ मिनिटे किंवा अधिक उशीर झाल्यास भाड्याच्या २५ टक्के आणि दोन तास किंवा अधिक झाल्यास ५० टक्के भरपाई मागता येते, आणि एकसंध तिकीट असेल तर जोडगाडी चुकल्यावर पुढे नेण्याची जबाबदारीही रेल्वेवर येते. हेच टप्पे वेगवेगळ्या तिकिटांवर घेतले, तर प्रत्येक टप्पा स्वतंत्र प्रवास मानला जातो आणि चुकलेल्या गाडीचे तिकीट वाया जाते. आमच्या मार्गावर तिकिटे तुटक आहेत, पण बहुतांश गाड्या प्रादेशिक असल्यामुळे ती ठरावीक गाडीला बांधलेली नाहीत. बांधलेले तिकीट फक्त मिलानहून निघणाऱ्या गाडीचे आहे, आणि म्हणून वारेन्नाहून मिलानला आम्ही एक गाडी आधी पोहोचणार आहोत. इटलीचे दिवस मध्ये येत असल्याने सलग दिवसांचा स्विस पास परवडत नव्हता. महिन्याभरात निवडक दिवस वापरण्याचा पास सोयीचा ठरला.

व्हिसासाठी प्रवासाचा तपशील द्यावा लागतो, आणि अर्ज ज्या देशात रात्री अधिक त्या देशाकडे करायचा असतो. आमच्या बाबतीत तो स्वित्झर्लंड. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, म्हणून हॉटेले रद्द करता येण्याजोगी घेतली आणि व्हिसा हाती येईपर्यंत गाड्यांचे एकही तिकीट विकत घेतले नाही. शेवटची रात्र झ्युरिकला ठेवली आहे. तेथून विमानतळ गाडीने दहा-बारा मिनिटांवर आहे, आणि दिवसभर थोड्या थोड्या वेळाने गाड्या सुटत असल्यामुळे त्या सकाळसाठी मी कोणतीही विशिष्ट गाडी लिहून ठेवलेली नाही.