फुकटचं मॅडिसन

८० नंबरच्या बसमध्ये मी दोन डॉलर हातात धरून उभा राहिलो, तर चालकबाईंनी पैशांच्या पेटीवर चक्क तळहात ठेवला आणि मान हलवून मागे बसायला सांगितलं. ही कानाशी कुजबुजली, "तुमचे पांढरे केस बघून सोडलं असेल." तसं काही नव्हतं. विद्यापीठाच्या आवारात फिरणाऱ्या ८० नंबरला तिकीटच नाही. विद्यार्थी असो, नाहीतर आमच्यासारखे चिरंजिवांकडे उतरलेले आईवडील असोत, चढायचं आणि बसायचं. पोराची पीएचडी चालू, तो दिवसभर लॅबमध्ये. मग जुलैअखेर ते ऑगस्टच्या मध्यापर्यंतचे आमचे तीन आठवडे जवळजवळ या बसवरच निघाले.

मॅडिसन ही अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याची राजधानी. वस्ती पावणेतीन लाखांच्या आसपास, त्यात विद्यार्थीच पन्नास हजारांच्या घरात. मेंडोटा आणि मोनोना या दोन तळ्यांमधल्या चिंचोळ्या पट्टीवर गावाचा मधला भाग वसलाय. एका टोकाला विधानभवन, दुसऱ्या टोकाला विद्यापीठ आणि दोन्हींना जोडणारा स्टेट स्ट्रीट. हे अंतर चालत वीस मिनिटांत होतं. गाडी भाड्याने घेऊ नका. कॅम्पसच्या आसपास ती लावायला जागा शोधण्यात जीव जातो आणि पैसेही जातात.

आधीच सांगतो, मी एका दूध संघात तीस वर्षं काढली आहेत. तेव्हा दुधाचा विषय मधेमधे निघणार.

विधानभवनापासून सुरुवात करा. मंत्रालयात शिरायचं म्हणजे पास, रांग आणि ओळखपत्र, ही माझी सवय. इथे सरळ दार ढकललं आणि आत गेलो, कोणी हटकलं नाही. माहिती सांगणारे गाइडही फुकट मिळतात. जुनी इमारत १९०४ मध्ये जळाली आणि त्याच्या काही आठवडे आधीच सरकारने तिचा विमा बंद केला होता! आत्ताची इमारत १९०६ ते १९१७ या काळात बांधली. घुमट ग्रॅनाइटचा आहे. वरच्या पुतळ्याच्या शिरस्त्राणावर बॅजर बसलाय, हा इथला राज्यप्राणी. आतल्या दगडांत जीवाश्म दिसतात, म्हणून पायऱ्या चढताना खाली बघत चढा. उन्हाळ्यात घुमटाच्या सज्जातही जाता येतं. वर जायला जिने आहेत, गुडघेवाल्यांनी विचार करून जावं. मी गेलो. दोन्ही तळी एकाच नजरेत दिसतात, तेव्हा या गावाचा नकाशा डोक्यात बसतो.

शनिवारी याच विधानभवनाभोवती शेतकरी बाजार भरतो, एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत, १९७२ पासून. जो पिकवतो किंवा बनवतो त्यानेच विकायचं, दलाल नाही. आम्ही पोचलो, आणि हिच्या पायांना देवळाची सवय, ती विधानभवन उजव्या हाताला ठेवून निघाली. दहा पावलांत समोरून माणसांचा लोंढा अंगावर. बाबागाड्या, फुलांचे गुच्छ, सगळं आमच्याकडेच येतंय. सॉरी सॉरी म्हणत अर्धी बाजू कापली, तेव्हा एका आजोबांनी हवेत बोटाने गोल काढून दाखवला. या बाजारात सगळे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने चालतात. कुठे पाटी दिसली नाही, पण नियम कडक! तेव्हा उलटी प्रदक्षिणा घाला आणि आठाच्या आत पोचा. दहानंतर पाय ठेवायला जागा नसते आणि दोनच्या आत सगळं आवरलेलं असतं.

बघायला पैसे नाहीत, पण इथे मी पाकीट काढलं, चीज कर्डसाठी. कर्ड म्हणजे दही नव्हे. चीज बनवताना निवळी काढून टाकल्यावर जे गोळे राहतात, ते न दाबता, न मुरवता तसेच विकतात. ताजं असेल तर दाताखाली चुईंचुईं वाजतं, रबर घासल्यासारखं. तो आवाज एक-दोन दिवसांत जातो, म्हणून पिशवी घेतली की तिथेच हिरवळीवर बसून खावी. हिला आवडलं नाही. "मीठ घातलेला खोडरबर," म्हणाली. सगळी पिशवी माझ्या वाट्याला आली.

कॅम्पसवर बॅस्कम हिल ही टेकडी आहे. वर लिंकनचा पुतळा, त्याचा डावा पाय मुलांनी परीक्षेच्या आधी चोळून चोळून चकाकवलाय. तिथे फोटो सगळेच काढतात. तुम्ही मागच्या बॅस्कम हॉलच्या दाराशी जा, तिथे भिंतीवर धातूची पाटी आहे. रिचर्ड इली या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांवर १८९४ मध्ये संप आणि समाजवादाला चिथावणी देत असल्याचा आरोप झाला. विद्यापीठाच्या मंडळाने त्यांना निर्दोष ठरवलं आणि अहवालात लिहिलं की बाकी ठिकाणी काहीही बंधनं असोत, या विद्यापीठाने न भिता सतत चाळत आणि पाखडत राहावं, सत्य त्यातूनच सापडतं. हे मी मराठीत सांगितल्यावर ही हसायला लागली. "पाखडणं? सुपात?" हो, तेच! शेतीच्या राज्यातली माणसं, त्यांना तोच शब्द सुचला. नंतर तीन आठवडे घरात कुठल्याही वादात "थांबा, पाखडून बघू" चालू होतं.

टेकडीच्या पलीकडे ऑब्झर्वेटरी हिलवर मातीचे जुने उंचवटे आहेत, सुमारे हजार वर्षांपूर्वीचे. हो-चंक या मूळनिवासी लोकांची ही भूमी, ते त्यांना आपल्या पूर्वजांचं काम मानतात. एक पक्ष्याच्या आकाराचा, दुसरा दोन शेपट्यांच्या जलदेवतेचा. खरं सांगायचं तर जमिनीवरून आकार कळत नाही, गवताचा फुगवटा दिसतो इतकंच. आधी चित्र पाहून जा, मग शेपट्या सापडतात. त्यावर चढू नका, पवित्र जागा आहे. शेजारचीच वॉशबर्न वेधशाळा १८८१ च्या सुमाराची. उन्हाळ्यात बुधवारी रात्री आकाश निरभ्र असेल तर जुन्या दुर्बिणीतून कोणालाही बघू देतात. आमचा पहिला बुधवार ढगांत गेला. दुसऱ्या बुधवारी चंद्र मिळाला. लाकडी शिडीवर चढून डोळा लावला तर त्यावरचे खड्डे कडेसकट दिसले. दिवस उशिरा मावळतो, तेव्हा रात्री नवाच्या पुढचीच तयारी ठेवा आणि स्वेटर न्या.

भूशास्त्र संग्रहालयही फुकट. आम्ही शहाण्यासारखे रविवारी गेलो, बंद. सोमवारी परत. हत्तीच्या नात्यातल्या मॅस्टोडॉनचा सांगाडा १८९७ मध्ये बोअझ गावाजवळ सापडलेला. तो दोन वेगवेगळ्या प्राण्यांच्या हाडांचा जोडलाय, हे शास्त्रज्ञांच्या फार उशिरा लक्षात आलं. मला हे फार आवडलं. लहान मुलं बरोबर असतील तर अंधाऱ्या खोलीत अतिनील प्रकाशात चमकणारे दगड चुकवू नका. चेझन आणि स्टेट स्ट्रीटवरचं आधुनिक कलेचं, ही दोन्ही कलासंग्रहालयं मोफत आहेत. मला त्यातलं फारसं कळत नाही, पण दुपारच्या उन्हात थंडगार बसायला आणि स्वच्छतागृहासाठी उत्तम. सगळ्यांच्या वेळा निघण्याआधी पाहून घ्या.

आता दूध. बॅबकॉक हॉल. डेअरीचा डिप्लोमा केलेल्या प्रत्येकाने हे नाव परीक्षेत लिहिलेलं असतं. आपल्याकडे संकलन केंद्रावर दुधातलं फॅट मोजायला चालते ती गर्बरची पद्धत : १०.७५ मिली दूध, १० मिली ॲसिड, १ मिली अमाइल अल्कोहोल, मग बुटायरोमीटर, म्हणजे खुणा केलेली काचेची नळी, यंत्रात फिरवायचा. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण त्याच्याही आधी, १८९० मध्ये, स्टीफन बॅबकॉक यांनी इथे ॲसिड घालून बाटली फिरवायची आणि नळीवर फॅट वाचायची रीत काढली. तोवर दूध वजनामापावर जायचं, म्हणजे पाणी घालणाऱ्याची चांदी. आणि या माणसाने त्याचं पेटंट घेतलं नाही. ज्याला हवं त्याने वापरा. इमारतीवरच्या त्यांच्या नावाखाली मी फोटो काढून घेतला आणि जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर टाकला. अठ्ठेचाळीस अंगठे आले. आतल्या दुकानातलं आइस्क्रीम मात्र विकत.

याच भागात रसायनाच्या इमारतींवरून जाताना एक गोष्ट आठवा. १९३३ च्या फेब्रुवारीत एक शेतकरी हिमवादळातून मेलेली कालवड आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठणारं रक्त घेऊन इथे येऊन धडकला. त्याची जनावरं सडलेलं गवत खाऊन रक्तस्रावाने मरत होती. त्यातून रक्त गोठू न देणारं वॉर्फरिन हे औषध निघालं. आमच्या मेव्हण्यांची हृदयाची झडप बदलल्यापासून ते रोज घेतात ती गोळी. हरगोबिंद खोरानांनाही १९६८ चं नोबेल मिळालं तेव्हा ते याच विद्यापीठात होते.

हेन्री विलास प्राणिसंग्रहालय कॅम्पसच्या दक्षिण टोकापासून चालत वीस-पंचवीस मिनिटांवर. प्राणी तुम्ही पाहिलेलेच असतील. पण दाराशी तिकीटखिडकीच नाही, त्याचं कारण १९०४ च्या दानपत्रात आहे. विलास दांपत्याचा तरुण मुलगा हेन्री मधुमेहाने गेला. त्याच्या नावाने जागा देताना त्यांनी अट घातली की इथे कधीही प्रवेशशुल्क घ्यायचं नाही. ती अट अजून पाळतात. दानपेटी आहे, आम्ही त्यात बसचे वाचलेले दोन डॉलर टाकले.

संध्याकाळी मेमोरियल युनियन या विद्यार्थी केंद्राच्या मागे, तळ्याकाठच्या टेरेसवर जा. पिवळ्या, नारिंगी, हिरव्या लोखंडी खुर्च्या, पाठीवर उगवत्या सूर्याची नक्षी. विकत काही घेतलं नाही तरी कोणी उठवत नाही. रिकामी खुर्ची दिसली की आधी धरा, मग विचार करा. फक्त एक : ऑगस्टमध्ये मेंडोटाला वास येतो. पाण्यावर हिरवट तवंग धरतं, पोहायला बंदी लागते. कारण? आजूबाजूच्या शेतांतून वाहून येणारं फॉस्फरस, त्यात आमच्याच धंद्याचं शेणखत. वारा कुठून आहे ते बघून खुर्ची निवडावी.

८० नंबरनेच पुढे पिकनिक पॉइंटला उतरता येतं. तळ्यात घुसलेली लांबोडकी जमीन, टोकापर्यंत जाऊन येऊन तीनेक किलोमीटर, सावलीची वाट. आम्ही पाणी न घेता गेलो, तुम्ही तसं करू नका. आर्बोरेटम हे विद्यापीठाचं वनस्पती-उद्यान याहून दूर आणि १२०० एकरांचं. तिथलं कर्टिस गवताळ रान १९३० च्या दशकात नांगरलेल्या शेतावर पुन्हा लावून उगवलेलं. ऑगस्टमध्ये गवत डोक्याच्या वर जातं. तिथे फुल पँट, मोजे आणि घरी आल्यावर अंग तपासणं, हे तिन्ही करा. गोचीड चावतात. आपल्याकडे गोचीड ताप म्हैस-गायीला, इथे लाइम नावाचा माणसाला. तीन पानांची वेल दिसली तर हात लावू नका, खाजेने बेजार व्हाल.

कधी जावं? फुटबॉलचा घरचा सामना असेल तो शनिवार टाळा, सगळं गाव लाल कपड्यांत रस्त्यावर. आणि जमलं तर १४ ऑगस्ट गाठा. इथे बरेचसे भाडेकरार त्या दिवशी संपतात आणि नवे १५ ला सुरू होतात. मधली रात्र पोरं रस्त्यावर काढतात आणि नको असलेलं सामान फुटपाथवर सोडून जातात. टेबलं, दिवे, पंखे, पुस्तकं. याला इथे हिप्पी ख्रिसमस म्हणतात. आमच्या चिरंजिवांचं सगळं घर दोन वर्षांपूर्वीच्या त्या रात्रीचं आहे, हे आम्हाला तिथे गेल्यावर कळलं. गाद्या आणि कापडी सोफे अजिबात उचलू नका, ढेकूण. लाकूड, काच, धातू चालेल, तेही बाहेर धुऊन आत घ्यावं.

"लोकांचं उष्टं मी घरात घेणार नाही," असं ही सकाळी म्हणाली होती. संध्याकाळी मिफ्लिन स्ट्रीटवर एका खोक्यात तीन काचेच्या बरण्या दिसल्या. जाड, रुंद तोंडाच्या. तीन वेळा पुढे जाऊन परत आली. शेवटी ओढणीत गुंडाळून ८० नंबरमध्ये मांडीवर घेऊन बसली, आणि चालकबाईंनी आरशातून अंगठा दाखवला. दोन बरण्यांत आता पोराकडे लिंबाचं लोणचं आहे. तिसरीचं झाकण मिळालं नाही.