तुम्ही विचारलंत म्हणून : थिएटरच्या खोलीसाठी कोणती वायर टाकून ठेवू?

गेली अनेक वर्षे मी सोलापुरात घरांच्या वायरिंगची कंत्राटे घेतो आहे. काम जुळे सोलापुरात असो की होटगी रोडला, विटांचे बांधकाम पुरे होऊन गिलावा व्हायचा राहिला की एक प्रसंग ठरल्यासारखा घडतो. मालक मला वरच्या मजल्यावरच्या खोलीत नेतात, उघड्या भिंतींकडे हात करून येथे पुढेमागे होम थिएटर करायचे आहे असे सांगतात आणि विचारतात, "कोणती वायर टाकून ठेवू?" त्यावर मी उलट विचारतो, की बसणार कुठे? पुष्कळांना ही टाळाटाळ वाटते, म्हणून त्यामागचे कारण येथे सविस्तर लिहितो.

आजकालचा कोणताही बरा एव्ही रिसिव्हर (सगळ्या स्पीकरांना आवाज वाटून देणारे यंत्र) सोबतच्या मायक्रोफोनने खोलीची मापे स्वतः घेतो. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एक फूट कापायला त्याला एक मिलिसेकंदाहून किंचित कमी वेळ लागतो. त्यामुळे जवळच्या स्पीकरचा आवाज काही मिलिसेकंद रोखून आणि त्याची पातळी उतरवून सगळे स्पीकर सारख्या अंतरावर आहेत असा आभास रिसिव्हर सहज निर्माण करतो. आवाजाची दिशा मात्र त्याला बदलता येत नाही. स्पीकरची वायर भिंतीतल्या ज्या बॉक्सातून बाहेर येते, त्याने ती ठरते आणि तो बॉक्स कुठे हवा, हे बसणाऱ्याच्या कानावरून ठरते. म्हणून बैठक ठरण्याआधी ज्याने वायरचे पाइप टाकले, त्याने अंदाजाने भिंत फोडली असे समजावे.

असा अंदाज मी स्वतःच्याच घरात केला होता. मागच्या भिंतीच्या दोन्ही कोपऱ्यांत सराउंड, म्हणजे बाजूच्या आणि मागच्या आवाजाच्या, स्पीकरचे बॉक्स काढून ठेवले, कारण कोपऱ्यातून पाइप उतरवणे सोपे जाते आणि नकाशावरही ते नीटनेटके दिसते. पुढे सोफा आला आणि आपल्या घरांच्या रिवाजाप्रमाणे मागच्या भिंतीला टेकला. सोफ्याच्या कडेला बसणाऱ्याच्या कानापासून स्पीकर जेमतेम अडीच फुटांवर राहिला, त्यामुळे पडद्यावर पाऊस लागला की तो त्याच्या एकट्याच्या अंगावर पडे. शिवाय भिंतीलगत खर्जाचा दाब सर्वांत जास्त असतो, म्हणून ढोलाचा प्रत्येक ठोका घुमत राही. खर्ज सुधारावा म्हणून सोफा पुढे ओढला, तर तेच स्पीकर फार मागे गेले. शेवटी वायर भिंतीच्या कडेने उघडी फिरवली आणि ती झाकायला पट्टी मारली. वायरिंगच्या कंत्राटदाराच्या घरात अशी पट्टी असणे फारसे शोभत नाही.

आपल्याकडे पुष्कळदा निघते तशी बारा फूट बाय सोळा फुटांची, दहा फूट उंचीची खोली धरू. पडदा बारा फुटांच्या भिंतीवर ठेवावा आणि डोके त्यापासून साधारण दहा फुटांवर यावे, म्हणजे मागे सहा फूट मोकळे राहतात. खोलीच्या बरोबर मध्यावर, आठ फुटांवर, बसू नये; सोळा फूट लांबीत पस्तीस हर्ट्झच्या आसपासचा जो पहिला घुमारा तयार होतो, तो मध्यावर जवळजवळ ऐकूच येत नाही. दहा फुटांवरून शंभर इंची पडदा, ज्याची रुंदी सव्वासात फूट भरते, सुमारे चाळीस अंशांत दिसतो, आणि सिनेमासाठी हा कोन उत्तम मानतात. डावा-उजवा स्पीकर मधल्या रेषेपासून बावीस ते तीस अंशांत असावा असे डॉल्बी कंपनीचे आराखडे सांगतात. आपल्या खोलीत पूर्ण तीस अंश धरले तर स्पीकर बाजूच्या भिंतीला चिकटतात, म्हणून मी पंचविसावर थांबतो. दोहोंत सुमारे सव्वानऊ फूट अंतर राहते आणि पडदाही मध्ये मोकळा बसतो. सराउंडचा बॉक्स बाजूच्या भिंतीवर, डोक्याच्या रेषेपासून दोन फूट मागे आणि जमिनीपासून पाच फुटांवर काढावा. हा कोन एकशे दहा अंशांच्या जवळ जातो. आणखी दोन स्पीकर मागे हवे असतील, तर मागच्या भिंतीवर एकमेकांपासून सात फुटांवर दोन बॉक्स काढावेत, कोपऱ्यांत नव्हे.

सेंटर, म्हणजे संवाद ज्यातून येतात त्या मधल्या, स्पीकरबद्दल थोडे अधिक सांगायला हवे, कारण पहिली तक्रार नेहमी त्याचीच येते. शहराच्या पूर्व भागातल्या एका घरी सगळे काम उत्तम झाले असताना आजींनी मला बोलावून सांगितले, की तेलुगू सिनेमाचे संवाद कळत नाहीत, नुसता धडधडाट होतो. सेंटर शोकेसच्या खणात आत सरकवला होता आणि पुढे काचेचे दार होते. तो खणाच्या तोंडाशी आणून, पुढून थोडा उचलून त्याचे तोंड कानाकडे केले आणि दार काढून ठेवले, एवढ्याने काम झाले. ज्या घरात आजी तेलुगूत, सून कन्नडमध्ये आणि मुले मराठी-हिंदीत सिनेमे पाहतात, तेथे सर्वांत जास्त काम हाच स्पीकर करतो. पण पैसे वाचवताना लोक हात घालतात तोही नेमका याच स्पीकरला.

छतातले स्पीकर आज नको असले तरी त्यांचे पाइप स्लॅब टाकतानाच जायला हवेत, नाहीतर पुढे फॉल्स सीलिंग करण्यावाचून मार्ग उरत नाही. बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून सव्वातीन फुटांवर धरला, तर दहा फुटांचे छत त्याच्या पावणेसात फूट वर येते. पुढचे दोन स्पीकर डोक्याच्या तितकेच पुढे घेतले की पंचेचाळीस अंशांचा कोन साधतो. मागचे दोन पाच फुटांवर घेतले तरी चालतात. पण सोलापुरात छताचा मध्य पंख्याचा असतो. मे महिन्यात पारा त्रेचाळिसाला टेकत असताना पंखा नको असे मी कोणाला सांगू शकत नाही, आणि एसी आहे म्हणून पंख्याचा हूक टाकला नाही, असे घर मी अजून पाहिलेले नाही. तेव्हा हूक टाकावा, मात्र तो प्रोजेक्टरच्या झोताच्या वाटेत नाही हे दोरी ताणून आधी पाहावे. पात्यांची सावली पडद्यावर नाचू लागली की मग पंखा सोडावा की सिनेमा, असा प्रश्न उभा राहतो.

आता पाइप. माझ्या मते वायरपेक्षा पाइपाचा विचार जास्त करावा, कारण वायर दहा वर्षांत जुनी होते आणि पाइप घराइतका टिकतो. एका कामावर आम्ही प्रोजेक्टरसाठी पंचवीस मिलिमीटरचा पाइप टाकला होता. चित्र आणि आवाज नेणारी एचडीएमआय केबल ओढायची वेळ आली तेव्हा वायरमनने स्टुलावरून तार खेचली, पुन्हा खेचली, प्लगला टाल्कम पावडर लावून आणखी एकदा जोर केला आणि खाली पाहून म्हणाला, "मालक, मुंडकं जाईना." त्या प्लगचे मुंडके साधारण वीस मिलिमीटर रुंद असते आणि पंचविसाचा पाइप आतून त्याहून जेमतेम मोठा असतो, सरळ पाइपातून ते कदाचित सरकेल, बेंडमधून सरकत नाही. तेव्हापासून रिसिव्हरच्या जागेपासून प्रोजेक्टरपर्यंत आणि टीव्हीच्या मागे मी चाळीस किंवा पन्नास मिलिमीटरचा पाइप टाकतो, काटकोनी एल्बो वापरत नाही, दोनापेक्षा जास्त बेंड आले तर मध्ये जंक्शन बॉक्स देतो आणि प्रत्येक पाइपात एक नायलॉनची दोरी कायमची सोडून ठेवतो. सेकंदाला अठ्ठेचाळीस गिगाबिट नेणारी साधी तांब्याची एचडीएमआय केबल पाचएक मीटरपर्यंतच खात्रीने चालते, आणि रिसिव्हरपासून छतावरून प्रोजेक्टरपर्यंतचे अंतर सहज दहा-बारा मीटर होते. तेथे ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशावर चालणारी, एचडीएमआय लागते. तिला दिशा असते. एक टोक यंत्राचे आणि दुसरे पडद्याचे असते. उलटी ओढली तर चित्र येत नाही आणि सगळी केबल पुन्हा बाहेर काढावी लागते.

मूळ प्रश्न होता वायरचा, पण तिचे उत्तर थोडक्यात देता येते. स्पीकरच्या वायरचा जाऊन-येऊन एकूण रोध स्पीकरच्या रोधाच्या पाच टक्क्यांच्या आत असावा, एवढाच हिशेब आहे. अडीच स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची वायर दहा मीटर नेली तर हा रोध सुमारे ०.१५ ओहम होतो, जो चार ओहमच्या स्पीकरलाही चालतो; दीड स्क्वेअरचा ०.२४ होतो, जो सहा आणि आठ ओहमला पुरतो. घरच्या वायरिंगमधून उरलेली तांब्याची फ्लेक्सिबल वायर वापरली तरी आवाजात फरक पडत नाही. फक्त दोन रंग घ्यावेत आणि प्लस-मायनस चुकवू नये, कारण पुढचा एक स्पीकर उलटा जोडला गेला की खर्ज पातळ होतो आणि आवाज मध्ये ठरत नाही. दोन्ही बाजूंच्या वायरची लांबी सारखी ठेवायची गरज नाही. जपायचे आहे ते तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमपासून. स्वस्त बंडलातली तार ब्लेडने खरवडून पाहावी. आतून पांढरी निघाली तर बंडल परत करावे.

विजेची वायर आणि सिग्नलची वायर एका पाइपात कधीही घालू नये. दोन्ही पाइप समांतर जात असतील तर त्यांत एक फूट अंतर राखावे, आणि ओलांडायचेच असेल तर काटकोनात ओलांडावे. या खोलीसाठी मुख्य बोर्डातून स्वतंत्र एमसीबीवर अडीच स्क्वेअरची लाइन आणावी आणि रिसिव्हर, प्रोजेक्टर आणि सबवूफर (खर्जाचा स्पीकर) यांचे सगळे प्लग तिच्यावरच घ्यावेत. अक्कलकोट रोडकडच्या एका घरी सबवूफर दिवसरात्र गुणगुणत असे. पाहिले तर रिसिव्हर पुढच्या बोर्डावर, सबवूफर मागच्या खोलीतून ओढलेल्या बोर्डावर, आणि डिशची केबल गच्चीवरून तिसरेच अर्थिंग घेऊन आलेली. अर्थिंगच्या अशा दोन-तीन वाटांमधल्या किंचित फरकामुळे सिग्नलच्या केबलीतून बारीकसा प्रवाह वाहतो आणि पन्नास हर्ट्झची घरघर होऊन स्पीकरमधून बाहेर येतो. कोणीतरी त्यांना प्लगची अर्थिंगची पिन कापायला सांगितले होते. घरघर त्याने कदाचित थांबली असती, पण पुढे यंत्राच्या पत्र्यात वीज उतरली असती तर ती माणसाच्या हातातून गेली असती. मी सबवूफरचा प्लग पुढच्या लाइनवर आणला आणि डिशचे अर्थिंग घराच्या मुख्य अर्थिंगला जोडले. आपली काळी माती उन्हाळ्यात सुकून भेगाळते, म्हणून मार्चपासून अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओतायलाही त्यांना सांगून आलो.

सबवूफरची जागा आधी सांगता येत नाही, म्हणून तेथे मी एकाऐवजी तीन-चार ठिकाणी पाइप आणि प्लग देतो, निदान पुढच्या आणि मागच्या भिंतीच्या मध्यावर तरी. एका सबवूफरसाठी जुनी युक्ती अशी, की तो बसायच्या जागी ठेवून गाणे लावावे आणि स्वतः भिंतीच्या कडेने रांगत जावे; जेथे खर्ज स्वच्छ आणि सारखा ऐकू येतो तेथे सबवूफर ठेवावा. घरातल्या ज्येष्ठांसमोर हा प्रयोग करण्याआधी त्यांना कल्पना द्यावी. दोन सबवूफर घेणार असाल तर समोरासमोरच्या भिंतींच्या मध्यावर ठेवलेले चांगले, असे हरमन कंपनीच्या टॉड वेल्टी यांनी २००२ साली मांडले होते, आणि आमच्या चौकोनी खोल्यांत मला तसाच अनुभव येतो.

राहिली चादर. भिंतींना सोलापुरी चादरी लावल्या तर चालेल का, असे सोलापुरात विचारणारच. भिंतीला सपाट चिकटवलेली चादर फक्त वरच्या पट्टीतला चरचरीतपणा खाते. चुण्या पाडून भिंतीपासून चार इंच सोडून टांगली तर बरेच अधिक काम करते. मी त्याहून चांगला मार्ग टॉवेलांत शोधला. चार इंच खोलीची लाकडी चौकट करून तीत सेकंड क्वालिटीचे टेरी टॉवेल घड्या घालून गच्च भरले, वरून कापड ताणले आणि भिंतीवर आरसा सरकवत नेला असता बसल्या जागेवरून त्यात स्पीकर जेथे दिसतो तेथे ती लावली. टाळी वाजवली की पूर्वी उठणारा झणत्कार थांबला. प्लग आणि दिवे यांच्याजवळ मात्र अशी चौकट लावू नये, शेवटी तो कापूस आहे.

आणि गिलाव्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीचा, टेप लावून, फोटो काढावा. माझ्या खोलीत प्रोजेक्टरसाठी काढलेला बॉक्स गवंड्याने गिलाव्याखाली घेतला आणि माझ्याकडे फोटो नव्हता. दोन ठिकाणी फोडून पाहिले, सापडला नाही. तिसऱ्या वेळी सौभाग्यवतींनी हातोडी उचलून ठेवली. पाइपाचे दुसरे टोक शोकेसच्या मागे अजून उघडे आहे, आणि त्यात तार घातली की ती साडेनऊ फुटांवर जाऊन कशाला तरी टेकते.