एकशे छत्तिसावा दिवस

धाकट्या भावाला यूएपीएखाली, म्हणजे दहशतवाद आणि बेकायदा कारवायांविरुद्धच्या कायद्याखाली, अटक झाली, तेव्हा कायद्यातला ‘जामीन’ हा एकच शब्द मला ठाऊक होता. वकिलांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "ताई, ती आशा आत्ता धरू नका." त्या कायद्यातलं कलम ४३डी(५) असं आहे, की पोलिसांचे कागद वाचून आरोप सकृद्दर्शनी खरे वाटले, तर जामीन देताच येत नाही. आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या वटाली निकालापासून त्या कागदांची फार चिरफाडही या टप्प्यावर होत नाही. "आपण दिवस मोजायचे," ते म्हणाले.

कॅलेंडरच्या ज्या चौकटींत दुधाचा हिशेब लिहायचे, तिथेच लाल पेनने आकडे घालायला लागले. पहिली कोठडी सुनावली तो दिवस १. तो धरायचा की सोडायचा यावरही वाद होता म्हणे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, धरायचा. ९० दिवसांत आरोपपत्र आलं नाही तर जामीन हक्काचा. पण यूएपीएत सरकारी वकिलाच्या अहवालावर ही मुदत १८० पर्यंत वाढवता येते. ८८व्या दिवशी तसा अर्ज आलाच. ४५ दिवस वाढवून मिळाले. भाऊ व्हिडिओवर हजर होता, आवाज तुटत होता; त्याला काय कळलं देव जाणे.

१३५ दिवस संपले. आधी अर्ज केला असता तर मुदतपूर्व ठरला असता. आरोपपत्र आमच्या आधी पोचलं असतं तर हक्कच गेला असता. १३६व्या दिवशी कोर्टाची अर्ज घेणारी खिडकी उघडायच्या आधीपासून आम्ही रांगेत. १०.५० ला अर्जावर शिक्का पडला. त्याचा मी फोटो काढून ठेवला, अजून आहे. आरोपपत्र दुपारी आलं, पत्र्याच्या ट्रंकेत. अर्ज आधीचा, म्हणून जामीन द्यावा लागला; मुदत चुकल्यामुळे मिळणाऱ्या या जामिनाला ४३डी(५) आडवं येत नाही.

पण सुटका कुठली! जामीनदार, त्याच्या ऐपतीचा दाखला (सॉल्व्हन्सी), तहसीलचे हेलपाटे, यात ११ दिवस गेले. सुटकेचा आदेश घेऊन धावतपळत पोचलो, तर तुरुंगाबाहेरची जामीनपेटी, म्हणजे सुटकेचे आदेश टाकायची पेटी, त्या संध्याकाळची उघडून झाली होती. आणखी एक रात्र.

आता दर सोमवारी त्याची पोलीस ठाण्यात हजेरी असते. त्या खुणा मी निळ्या पेनने करते. दुधाचा हिशेब मोबाईलमध्ये.