नाव घारीचं

आमच्या बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात परड्यातलं कोंबडीचं पिल्लू नाहीसं झालं की गुन्हा घारीवर दाखल होतो. साक्षीपुराव्याची गरजच पडत नाही. ऊन तापलं की ती पंख न हलवता वर गिरक्या घेत असते, सगळ्या गावाला दिसते, मग नाव तिचंच येणार. घार पिल्लं नेते हे खरंच; थंडी सरता सरता तिच्या घरट्यात चोची वासलेल्या असतात तेव्हा तर जास्तच. पण आमच्या परड्यातला सराईत चोर दुसरा आहे.

तो शिक्रा. कबुतराएवढा पक्षी, पाठ राखाडी, छातीवर तांबूस आडव्या रेघा, नराचे डोळे लालभडक. घारीसारखा तो तासन्‌तास वर तरंगत बसत नाही. फणसाच्या गर्द पानांत दडून बसतो आणि निघाला की कुंपणाला लागून, हात-दोन हात उंचीवरून सरळ येतो. घारीची सावली आधी अंगणावरून फिरते, याची तीही सोय नाही. शेजारची अक्का ‘हद्द बंत, हद्द बंत!’ (घार आली, घार आली!) असं कानडीत ओरडत बाहेर येईपर्यंत हा काजूच्या पलीकडे गेलेला असतो, आणि अक्का हात उगारते ती वरच्या घारीवर.

पिल्लांची आई मात्र फसत नाही. एकवीस दिवस अंड्यांवर बसून उठलेली कोंबडी बघावी. चरता चरता मध्येच थांबते, डोकं आडवं करते आणि एकच डोळा आभाळाला लावते. तिचे डोळे दोन बाजूंना, त्यामुळे वर बघायचं तर मान अशी वाकडी करावीच लागते. वर काही हललं की गळ्यातून एक बारीक, लांबलचक ‘किर्रर्र’ निघतं. पिल्लं त्या क्षणी जास्वंदीखाली, गाडीखाली, मिळेल तिथं शिरतात आणि दगड होतात. मुंगूस आलं तर आवाज वेगळा: मान ताठ, ‘कॉक्-कॉक्-कॉक्-कटाक्’, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा. माझी आई चुलीपुढं बसून दोन्ही बरोबर ओळखते. किर्रर्र झालं तर दारातूनच टाळ्या वाजवते, कटाक् झालं तर काठी घेऊन मागच्या दारानं धावते.

इलाज सगळ्यांनी करून बघितले. जुन्या सीड्या दोरीला बांधून लटकवल्या. चार दिवस घार बिचकली, नंतर त्याच दोरीच्या खांबावर येऊन बसली. अक्कानं पिल्लं गुलाबी रंगात बुडवली. जत्रेतल्या बत्ताशांसारखी दिसायची बिचारी, घारीला रंग कळू नये म्हणून! डालग्याखाली झाकली तर पिल्लं सुरक्षित राहतात, पण मग दिवसभर त्यांचं खाणंपिणं आपणच बघायचं. जाळी उत्तम, पण परडं केवढं आणि जाळी केवढी. गलोल घेऊन फिरणारी पोरं असतात, त्यांना मी हाकलतो. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं या पक्ष्यांना संरक्षण आहे ते एक, आणि शिक्रा पोरांना लागतो थोडाच! लागतो तो आमच्या कौलांना.

फुकटचा राखणदार म्हणजे कोतवाल. उन्हाळ्यात त्याचं घरटं परड्याजवळ असलं की घारीच्या पाठीवर टोचत तिला पार शिवारापलीकडे घालवून येतो. तोही गुणाचाच आहे म्हणा. कधी कधी हुबेहूब शिक्र्याचा आवाज काढतो आणि साळुंक्यांना उडवून त्यांच्या तोंडचा घास पळवतो.

खरी पंचाईत गिरिराजची. बेंगळूरला तयार झालेली ही कोंबड्यांची जात, अंगानं गावठीपेक्षा भारी, अंडीही जास्त. पिल्लं खोक्यातून येतात, बल्बखाली वाढतात, त्यांना आई माहीत नाही आणि आभाळही. शेजारच्या गावठी कोंबडीनं किर्रर्र केलं की तिची पिल्लं गायब, आणि ही भर अंगणात उभी राहून बघतात, काय झालं म्हणून.

आईनं त्यावर तोडगा काढला. एक गावठी कोंबडी खुडूक झाली होती. रात्री खुराड्यात हात घालून तिच्या खालची अंडी काढली आणि एकेक करून खोक्यातली पिल्लं सरकवली. मी म्हटलं, टोचून मारेल. ‘काळोखात मोजायला येतंय होय तिला?’ आई म्हणाली. सकाळी कोंबडी सगळी वरात घेऊन शेणकईकडे निघाली. आठवड्याभरात गिरिराजवाले किर्रर्रला पळायला शिकले.

फक्त ती पिल्लं दोन महिन्यांत त्या कोंबडीच्या अंगाबरोबर आली. आता वर घार दिसली की पाचसहा धिप्पाड पोरं एकदम तिच्या पोटाखाली शिरायला बघतात, आणि ती गावठी बाई त्यांच्या रेट्यानं जमिनीवरून वीतभर वर उचलली जाते, तरी किर्रर्र चालूच.