डावऱ्याचं धनुष्य

शाळेत मला सगळे 'डावऱ्या' म्हणत. लेझीम उलटी धरली की पी.टी.चे सर रांगेतून बाहेर काढत. सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहायला बसलो आणि आधी तेच आठवलं.

पुढे शिष्यवृत्तीवर जपानला, त्सुकुबा विद्यापीठात खेळशास्त्र शिकायला गेलो. विद्यापीठ १९७३ सालचं, पण वारसा जुना. ज्यूदोचे जनक जिगोरो कानो ज्या तोक्योच्या उच्च अध्यापक विद्यालयाचे प्राचार्य होते, त्यातूनच ते घडलं. मी मात्र ज्यूदो सोडून क्यूदो, म्हणजे धनुर्विद्या घेतली. कारण थोर काही नव्हतं, खो-खोत दुखावलेला गुडघा वाचवायचा होता. तिथे गेल्यावर कळलं की बाण सोडण्याआधी चवडे दुमडून गुडघ्यांवर बसावं लागतं!

पहिले कित्येक आठवडे हातात धनुष्यच नाही. रबर बांधलेली काठी ओढायची, मग दोन मीटरवरच्या पेंढ्याच्या गठ्ठ्यात बाण मारायचा. खरं लक्ष्य २८ मीटरवर, ३६ सेंटिमीटर व्यासाचं. ते ज्या मातीच्या उतारावर लावतात त्याला आझुची म्हणतात. ती माती भिजवणं, चोपणं, सारखी करणं हे नव्यांचं काम. आपल्या तालमीचा हौदा आठवला. तिथे ताक, तेल, हळद घालायचो, इथे नुसतं पाणी, पण खांदे तसेच भरून यायचे.

धनुष्य सव्वादोन मीटरच्या आसपास, माझ्यापेक्षा उंच. ते धरतात मधोमध नाही, बरंच खाली. आणि धरतात फक्त डाव्या हातात. डावखुऱ्यांसाठी वेगळी सोय नाही, दोरी ओढायचा हरणाच्या कातड्याचा हातमोजा उजव्याच हाताचा. मी मनात म्हटलं, आलं पुन्हा 'उजवा, उजवा'!

पण सेन्सेई, म्हणजे आमचे गुरुजी, माझ्या उजव्या हाताकडे फारसं बघतच नसत. त्यांचं लक्ष डाव्या मुठीवर. ती आवळली की बाण भरकटतो. ती नेमकी धरली, तर बाण सुटताच धनुष्य आपसूक मुठीत गर्रकन फिरतं आणि दोरी बाहेरच्या बाजूला येते. माझं धनुष्य तसं फिरेपर्यंत दोरीने मनगट सोलून निघालं होतं, एकदा चष्माही उडाला. एका सेम्पाईनं, म्हणजे वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यानं, सांगितलं, जुन्या जपानीत डाव्या हाताला 'युन्दे' म्हणतात, म्हणजे धनुष्याचा हात. उजवा तो 'मेते', घोड्याचा हात, लगाम धरणारा. त्या रात्री मला झोप आली नाही, इतकं बरं वाटलं.

सुटीत गावी आलो तेव्हा सरांना फोटो दाखवला. सगळ्यांची धनुष्यं डाव्या हातात, एका रांगेत. सरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"सगळेच डावरे? मग यात तू कुठला रे?"