उन्हाळ्यात फिजिक्स घ्यावे की ऑरगॅनिक?

समर सेशनची नोंदणी सुरू झाल्यापासून न्यू जर्सीतल्या आमच्या घरात रोज रात्री जेवताना एकच विषय निघतो. लेकीचे कॉलेजचे पहिले वर्ष संपत आले आहे, तिला पुढे मेडिकलला जायचे आहे, आणि उन्हाळ्यात एक अवघड विषय उरकून घ्यायचा हेही ठरलेले आहे. फिजिक्स घ्यायचे की ऑरगॅनिक केमिस्ट्री, एवढे मात्र ठरत नव्हते.

भारतातल्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. अमेरिकेत बारावीनंतर साधारणपणे थेट मेडिकलला जाता येत नाही. आधी चार वर्षांची पदवी घ्यायची, त्यात जीवशास्त्र, जनरल केमिस्ट्री, ऑरगॅनिक आणि फिजिक्स हे विषय बहुधा वर्षभर प्रयोगशाळेसह करायचे, आणि एमकॅट ही प्रवेशपरीक्षा द्यायची. 2015 पासून या परीक्षेत बायोकेमिस्ट्रीलाही मोठे स्थान आहे. जनरल केमिस्ट्रीनंतर ऑरगॅनिक आणि ऑरगॅनिकनंतर बायोकेमिस्ट्री ही साखळी असल्यामुळे एक कडी लांबली की पुढचे सगळे खोळंबते. फिजिक्स या साखळीच्या बाहेर आहे.

म्हणूनच माझे पहिले मत असे होते की ऑरगॅनिकच उन्हाळ्यात संपवावे, म्हणजे साखळी वर्षभर आधी पूर्ण होईल. मी स्वतः पुण्यात रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. केले आहे, त्यामुळे घरात मदतीला मी होतेच. लेकीने शांतपणे कागद घेतला आणि हिशेब मांडला. आठवड्याला 3 तास व्याख्याने, 3 तास प्रयोगशाळा आणि व्याख्यानाच्या प्रत्येक तासामागे घरी 2 तास अभ्यास धरला, तर आठवड्याचे 12 तास होतात आणि 15 आठवड्यांच्या सेमिस्टरचे 180. समर सेशनमध्ये हेच 180 तास 6 आठवड्यांत बसवायचे, म्हणजे आठवड्याला 30. पण हा हिशेब फिजिक्सलाही तसाच लागू होता, त्यामुळे एवढ्याने माझे मत बदलले नाही.

ते बदलले माझ्याच विद्यार्थिदशेच्या आठवणीने. एसएन1 आणि एसएन2 (रेणूतला एक गट जाऊन त्या जागी दुसरा येणे), ई1 आणि ई2 (गट निघून जाऊन दुहेरी बंध तयार होणे) या अभिक्रियांपैकी नेमकी कोणती घडेल, हे कार्बनभोवतीची गर्दी, अभिकारकाचा स्वभाव, द्रावक आणि तापमान अशा चार गोष्टी एकदम लक्षात घेऊन ठरवावे लागते. तृतीयक, म्हणजे आणखी तीन कार्बनांना जोडलेल्या, कार्बनवर एसएन2 का होत नाही, हे मी पाठ केले होते एका संध्याकाळी. पण मागच्या बाजूने येणाऱ्या अभिकारकाला तिथे शिरायला वाटच उरत नाही, हे मला खरोखर दिसले ते कित्येक आठवड्यांनी, इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात हे दाखवणारा तोच बाण पन्नास वेळा काढून झाल्यावर. लोणचे मुरायला जसे दिवस लागतात तसे या विषयाला लागतात, आणि अभ्यासाचे तास वाढवून ते दिवस भरून निघत नाहीत. समर सेशनमध्ये एसएन2 नीट समजण्याआधीच त्यावरची परीक्षा होऊन गेलेली असते, आणि दुसऱ्या सेमिस्टरमधले कार्बोनिल (कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंध असलेल्या) संयुगांचे सगळे रसायन याच बाणांच्या भाषेवर उभे असते. तिथे पाया कच्चा राहिला तर बायोकेमिस्ट्रीतही तिला त्रास होईल, ही मला खरी भीती वाटते.

फिजिक्स सोपे आहे, असे मी मुळीच म्हणणार नाही. परंतु तिने शाळेत बीजगणितावर आधारलेले एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीचे, फिजिक्स केले आहे, त्यामुळे न्यूटनचे नियम, ऊर्जा, संवेग हे तिच्या ओळखीचे आहे. गणिते भराभर सोडवण्याचा सराव तेवढा वाढवावा लागेल, आणि तो 6 आठवड्यांत वाढतो. तिच्या जागी शाळेत फिजिक्स न घेतलेली मुलगी असती, तर माझा सल्ला कदाचित वेगळा असता.

दोन्ही विषय एकाच उन्हाळ्यात घेण्याचा विचार तिने एकदा बोलून दाखवला होता. आठवड्याचे 60 तास! मी त्याला स्पष्ट विरोध केला.

राहिला प्रश्न कुठे शिकायचे याचा. घराजवळच्या काउंटी कॉलेजची, म्हणजे स्थानिक सरकारी दोन वर्षांच्या कॉलेजची, फी तिच्या युनिव्हर्सिटीच्या मानाने पुष्कळ कमी आहे. मात्र तिकडचे क्रेडिट युनिव्हर्सिटीने मान्य केले, तरी गुण तिच्या तिथल्या सरासरीत बहुधा धरले जात नाहीत. मेडिकलच्या सामाईक अर्जात मात्र ते धरले जातात, म्हणून ‘बाहेरचा कोर्स आहे’ असे समजून हलगर्जीपणा करून चालत नाही. शिवाय मुख्य विज्ञान विषय काउंटी कॉलेजात केलेले काही मेडिकल स्कूलना तितकेसे पसंत नसते. एका फिजिक्सने फार बिघडेल असे आम्हाला वाटत नाही. ऑरगॅनिक मात्र ती स्वतःच्याच युनिव्हर्सिटीत, सप्टेंबरपासून, पूर्ण वर्षभर करील.

फिजिक्सचा पहिला भाग पहिल्या सेशनमध्ये होईल आणि दुसऱ्या भागाचा निर्णय पहिल्या परीक्षेचे गुण पाहून घेऊ. क्रेडिटच्या मान्यतेचा अर्ज तिने सोमवारी पाठवला आहे. लेखी होकार हातात आल्याशिवाय फी भरायची नाही, असे आम्ही दोघींनी ठरवले आहे.